जास्तीचा खडा

धुळ्याच्या एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. मी स्टोअर सांभाळतो. संध्याकाळी वेल्डरांना गुळाचे खडे वाटणं हेही माझ्याकडेच. गुळाने छातीतला धूर उतरतो ही वेल्डरांची समजूत. गुळात भागतं ही प्रेमराजशेठची. खडा उचलण्यावरून माणूस कळतो. शेठ नसताना छगन मोठा उचलतो, असताना बारका. अभिमन दोन उचलायचा, तेही शेठच्या देखत.

"दोन कशाला रे? छाती एकच ना?" मी विचारलं.

"एक आबाले."

चुडामणआबा बिनखिडकीच्या कोपऱ्यात तीस वर्षं वेल्डिंग करून दिवाळीत खोकून खोकून गेले. जागा अभिमनला मिळाली. आबांचं स्टूल शेजारी तसंच. सगळी शेड खोकायची, एकटा अभिमन नाही. तरी पंख्यासाठी शेठच्या मागे लागलेला तोच. "माले नही, भाऊ. आबाले पाहिजे." मी हसण्यावारी नेलं.

मोठ्या गिऱ्हाईकाने अट घातली म्हणून जळगावहून ज्योत्स्ना मॅडम धूर मोजायला आल्या. प्रत्येकाच्या कॉलरला पांढरा फिल्टर, कमरेला हवा ओढणारा पंप.

"कोपऱ्यातल्याचा काळा निघाला, तर पंखा बसवतो," शेठ सगळ्यांसमोर बोलले.

संध्याकाळी सगळ्यांचे काळे. अभिमनचा कोरा.

मॅडमनी पंप तपासला. ठीक होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा फिल्टर लावला, आणि जास्तीचा एक रिकाम्या स्टुलावर ठेवला. पंपाशिवाय, नुसता.

अभिमनचा कोरा.

स्टुलावरचा काळाकुट्ट. मॅडमनी तो चिमट्याने उचलला. ओला होता, दिवसभर तोंडाला बांधलेला रुमाल होतो तसा.

"स्टुलावर कोण बसतं?" शेठनी विचारलं.

मॅडमच्या यादीत स्टुलापुढे नाव नव्हतं.

"मग तो धरायचा नाही. पंखा रद्द."

त्या संध्याकाळी अभिमनने एकच खडा उचलला.

"दुसरा?"

"आबा थकी गयात, भाऊ. म्हनतस, आते तू बठ."

आठवड्यात तो खोकायला लागला. पोळ्याच्या आत गेला.

कोपरा पिंपळनेरच्या झिपरूला दिला. अभिमनचं नाव कोणी त्याच्या कानावर जाऊ दिलं नाही, पळाला असता. पहिल्या संध्याकाळी तो आला. आवाज साफ, चेहरा ताजा. त्याने दोन खडे उचलले.

मी डब्याचं झाकण लावलं.

"एक अभिमनभाऊले," तोच म्हणाला. "दिनभर खोकी राह्यनात बिचारा."