डावी पापणी

आमच्या घरी जेवताना अक्षरांखेरीज दुसरं बोलणं नसे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एका वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचत, आणि उद्या छापायचं कोडं आज आमच्यावर करून बघत. ते तीन-चार इंग्रजी अक्षरं सांगायचे. ती सगळी ज्यात येतात असा शब्द आम्ही शोधायचा. क्रम कसाही चालेल, मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील, पण दिलेलं एकही गळता कामा नये. मी आणि धाकटी बहीण घास तोंडात ठेवून डोकं खाजवत बसायचो. आई वैतागायची, "अहो, पोरांना निदान गिळू तरी द्या."

अण्णांचा एकच नियम होता. ज्याला उत्तर नाही असं कोडं घालायचं नाही. "ते म्हणजे माणसाला जेवायला बोलवायचं आणि दाराला कुलूप लावून निघून जायचं," असं ते म्हणत. उत्तर तयार असल्याशिवाय त्यांनी कधी पहिलं अक्षरसुद्धा सांगितलं नाही.

मी लिफ्ट तपासतो. माझ्या कामात 'बहुतेक ठीक असेल' याला जागा नसते. दोर धरेल की नाही, एवढंच बघायचं. पुढचंही मी तसंच बघितलं, तसंच सांगतो.

आई गेल्यावर काही वर्षांनी अण्णा बाथरूमच्या दारात कोसळले ते पुन्हा उठलेच नाहीत. श्वास यंत्रावर चालू होता. सगळं अंग गेलं होतं, फक्त डावी पापणी अधूनमधून मिटायची. डॉक्टर म्हणाले, "ती आपोआप मिटते. आतून काही उत्तर आलं तर यंत्र चालू ठेवू. नाहीतर शुक्रवारी काढू. तुम्ही दोघं ठरवा."

नर्सबाईंनी एक पारदर्शक पाटी आणून दिली. तिच्यावर इंग्रजी मुळाक्षरं छापलेली होती. एकेक अक्षर वाचायचं. जिथे पापणी मिटेल ते आपलं.

मी 'ए'पासून सुरुवात केली. 'डब्ल्यू'ला पापणी मिटली. पुन्हा वाचलं, पुन्हा 'डब्ल्यू'. माझ्याच आवाजात काही खूण जात असेल अशी शंका आली, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून वाचलं आणि धाकटीला पापणीवर नजर ठेवायला सांगितलं. 'डब्ल्यू'च आलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक अक्षर आलं, 'के'. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'जे'.

धाकटी खुर्चीतून उठलीच. "दादा, कोडं घालतायत! अरे, कोडं घालतायत ते!"

आम्ही दोघं लहान झालो. खोलीत औषधाचा वास होता, यंत्राचा सुस्कारा चालू होता, आणि आम्ही कितीतरी वर्षांनी शेजारी बसून डोकं खाजवत होतो. शेवटी मला सापडलं. जॅकडॉ. कावळ्याच्या जातीचा पक्षी; स्पेलिंगमध्ये जे, के, डब्ल्यू तिन्ही होती. मी अण्णांच्या कानाशी वाकून तो शब्द म्हटला.

पापणी मिटली.

मी इतका रडलो की नर्सबाईंनी मला पाणी आणून दिलं.

शुक्रवारी डॉक्टर स्वतः बघायला आले. त्यांनी अण्णांना नाव विचारलं, मुलांची नावं विचारली. पापणी हलली नाही. मी म्हटलं, "तसं नाही, थांबा," आणि पाटी धरली. डब्ल्यू. के. जे. डॉक्टर पुढे झुकले. मी वाचत राहिलो.

'क्यू'ला पापणी मिटली.

मी धाकटीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. ती लहानपणापासून माझ्याहून हुशार.

"दादा, असा शब्द नाही."

"शोधू की."

"नाही आहे." तरी तिने फोनवर शोधलं. डब्ल्यू, के, जे, क्यू. खाली एकही शब्द आला नाही, नुसता कोरा पडदा. तिने तो मला दाखवला. "अण्णा असं करणार नाहीत. मेले तरी करणार नाहीत."

"चुकले असतील गं. मेंदूला मार बसलाय."

"मग चारही अक्षरं पुन्हा घे."

मी घेतली. चारही तशीच आली, एकही इकडचं तिकडे झालं नाही.

डॉक्टर मान हलवून म्हणाले, "बघितलंत ना? याला काही अर्थ नाही." त्यांना सोपं होतं. धाकटी पलंगापासून मागे सरकली होती. तिने मला हळूच विचारलं, "मग हे कोण घालतंय?"

दुपारी आम्ही यंत्र काढू दिलं. मी बापाचा हात धरला होता, पण त्यांच्या डोळ्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

काही दिवसांनी अण्णांचा तिथे राहिलेला चष्मा आणायला हॉस्पिटलात गेलो. त्याच पलंगावर एक बाई होत्या, तशाच निपचित. त्यांचे यजमान तीच पाटी धरून बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या, या. तुम्हाला इंग्रजी येत असेल. हिला काहीतरी सांगायचंय बघा. डब्ल्यू, के, जे, क्यू, आणि आज व्ही. कुठला शब्द होतो हो?"

मी विचारलं, "बाईंना इंग्रजी येतं?"

"छे हो! शाळेचं तोंड कुठे बघितलंय तिने. म्हणून तर नवल. आत आहे ती, नाही का?"

त्यांच्या डोळ्यांत माझीच आशा होती. मी म्हटलं, "असेल एखादा शब्द." आणि चष्मा न घेताच निघालो.

घरी माझी मुलगी जिन्यात बसून शाळेचा अभ्यास घोकत होती. ए, बी, सी. मी तिच्या शेजारी बसून बूट काढू लागलो.

ती मध्येच थांबून हसायला लागली.

"बाबा, एक्सला डोळा का मारलात?"

"मी नाही मारला."

"मारलात!"

"पुन्हा म्हण."

ती पहिल्यापासून म्हणू लागली. मी दोन बोटांनी डावी पापणी वर ओढून घट्ट धरली.

एक्स आलं. पापणी बोटांखालून निसटली.

ती टाळ्या पिटत म्हणाली, "आत्यापण काल असंच करत होती. पण ती झेडला करते."