सातव्या प्रकरणातला रुमाल

शेवटी यारिनाचं देम्यानशी लग्न ठरलं. पण असं काही झालेलंच नाही, असं समजून चालू.

ऑक्टोबर होता. युक्रेनमधल्या पोल्टाव्हात सकाळपासून बारीक, चिकट पाऊस लागलेला. प्रकाशनगृहाच्या दाराशी वळचणीखाली एक तरुण धावत आला. छत्रीऐवजी त्यानं डोक्यावर टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा धरला होता. यारिना तिथंच उभी होती. वरचं पान तिच्या नाकासमोर आलं, आणि मुद्रितं तपासणाऱ्या बाईनं समोरचं वाचू नये ही अपेक्षाच चुकीची.

"मोत्रियानं नीपर नदीत उडी घेतली," तिनं मोठ्यानं वाचलं. "भिजलीय बिचारी. दोन्हीकडून."

"अहो, शोकांतिका आहे ती."

"दिसतंय. शाईसुद्धा रडतेय."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई तेवढी वर गेली... यारिनानं ही गोष्ट लक्षात ठेवली नाही. पुढचे चार दिवस तिनं ती सतत लक्षात ठेवली नाही.

पाचव्या दिवशी तेच हस्तलिखित तिच्या टेबलावर आलं. त्या तरुणाची, देम्यानची, जुन्या लढवय्या कोसाकांवरची ही चौथी कादंबरी. पहिलीतली नायिका फाटकापाशी वाट बघत म्हातारी झाली. दुसरीतली घोड्याला पाणी पाजत राहिली. घोड्याला नाव होतं, तिला नव्हतं. तिसरी तापानं गेली, एका ओळीत. आणि आता मोत्रिया. यारिनानं त्याला बोलावून घेतलं.

"नायकाची मान कुऱ्हाडीखाली आहे," यारिना म्हणाली. "अशा वेळी एखाद्या मुलीनं त्याच्या डोक्यावर रुमाल टाकला, याच्याशी लग्न करते म्हणाली, की कोसाक त्याला सोडून देत. मोत्रियाला हे माहीत नाही?"

"आहे की. पण रुमाल टाकला तर... कादंबरी सातव्या प्रकरणातच संपते."

"म्हणजे तुमची एकोणीस प्रकरणं उरलीत म्हणून तिनं जीव द्यायचा?"

देम्याननं सातव्या प्रकरणाची पानं उलटली. "तुम्ही — टाकला असता?"

"माणूस बघून."

"त्याच्यात काय बघून?"

"भुवई," असं म्हणून ती पेन्सिलीला टोक करायला लागली. टोक आधीच होतं.

देम्याननं पुन्हा लिहिलं. नव्या मोत्रियानं नायकाला आधी नखशिखान्त न्याहाळलं, स्वयंपाक येतो का विचारलं, मग रुमाल टाकला. पुढची एकोणीस प्रकरणं तिनंच बळकावली.

संपादक साव्वा पेत्रोविच यांच्या मिशा थरथरल्या. "ही कोसाकाची बाई? अरे, ती फाटकापाशी रडते! तीनशे वर्षं रडतेय! बुडव तिला, नाहीतर पुस्तक यादीतून कापतो."

तीन वर्षांचं काम होतं. तरी देम्यान म्हणाला, "ती बुडणार नाही."

साव्वा पेत्रोविचनी पेन उघडलं.

बाजूलाच उभ्या असलेल्या यारिनानं गळ्यातला फुलाफुलांचा रुमाल सोडला आणि देम्यानच्या डोक्यावर टाकला.

"हे काय, पोरी?"

"प्रथा. तुमच्याच चालीरीतींच्या पुस्तकात आहे, पान दोनशे बारा. मुद्रितं मीच तपासली होती."

त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. पान वाचलं. पुन्हा वाचलं. स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध जाणं त्या मिशांना शोभलं नसतं. त्यांनी पेन बंद केलं. "पण मग लग्न करावं लागतं हं. गंमत नाही."

रुमालाखालून आवाज आला, "मला कुणी विचारणार आहे का?"

"तू तुझ्या चौघी नायिकांना विचारलं होतंस?" यारिना म्हणाली.

रुमाल जरा हलला. "...नाही."

"मग सांग. स्वयंपाक येतो?"

"बिटाचं बोर्श्ट. आणि — बोर्श्टच."

तिनं रुमालाचं टोक उचलून आत डोकावलं. डावी भुवई वर होती.

"चालेल," ती म्हणाली.

सोमवारी गेलेला अर्ज असा:

मा. प्रमुख, विवाहनोंदणी कार्यालय, यांस. वराच्या पूर्वस्थितीच्या रकान्यात 'अविवाहित' असे छापलेले आहे. ते खोडून तेथे 'शिरच्छेद माफ' अशी नोंद व्हावी, आणि पुरावा म्हणून सोबत जोडलेला रुमाल तपासून आजच परत मिळावा, ही विनंती. बाहेर पाऊस आहे.