मधला श्वास

त्या वर्षी तालुक्यात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नव्हता. विहिरी खोल गेल्या होत्या, कपाशी बोंड धरायच्या आधीच लाल पडली होती, आणि सरकारी माणसं फॉर्म घेऊन नांदगाव खंडेश्वरच्या खेड्याखेड्यांत विचारत फिरत होती: झोप लागते का? केशवरावांनी ओट्यावरूनच सांगितलं, "झोप लय लागते, साहेब. जागच लागत नाही." फॉर्मवाला पुढचा प्रश्न शोधेपर्यंत ते खरोखर घोरायला लागले होते.

वर्षालीला हा किस्सा सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कळला आणि तिला हसू आवरेना. महिन्याभराने सासऱ्यांची दुपार तिच्या वाट्याला आली.

घरात ते एक कामच होतं, दळणासारखं. पंपाची वीज रात्री यायची, म्हणून केशवराव रात्रभर वांग्याला आणि झेंडूला पाणी द्यायचे आणि दुपारी बारा ते चार मधल्या खोलीत झोपायचे. घोरता घोरता ते एकदम थांबत. घोरणंही थांबे, श्वासही. मग कुणीतरी तळपायाला हात लावून त्यांना परत आणायचं. तीस वर्षं हे काम सासूबाईंनी, इंदूबाईंनी केलं होतं. आता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते.

"एक ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "थांबले की मनात दहा मोजायचे. सावकाश. दहाच्या आत हात लावायचा नाही."

"काहून, आत्याबाई?"

"सवाल लय करते बाप्पा तू! मले कोणी सवाल करू देले होते?"

वर्षाली गप्प बसली. गप्प बसणं तिला छान जमायचं. त्यामुळे लोकांना वाटे की तिला पटलं.

दुपारी वीज नसायची. पंखा छताला मेल्यासारखा लटकलेला. कोपऱ्यात उद्याच्या बाजारासाठी ओल्या पोत्यात बांधलेला झेंडू, त्याचा उग्र, थंड वास. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. केशवरावांचं घोरणं दगडावरून नांगर ओढल्यासारखं चालू होतं, आणि एका वाक्याच्या मध्येच कुणी तोंड दाबावं तसं ते तुटलं.

वर्षालीने मोजायला सुरुवात केली. एक... दोन... छाती हलत नव्हती. ओठांचा रंग पिकल्या जांभळाकडे चालला होता. पाच... सहा...

आणि श्वास ऐकू आला.

केशवरावांचा नव्हता तो. त्यांची छाती तशीच निपचित होती. बाजेच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूने आला, बारीक, जपून घेतलेला. दहा झाले तशी तिने तळपायाला हात लावला. म्हातारा फुरफुरत वर आला, कूस बदलली, पुन्हा नांगर सुरू.

तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला आधी वाटलं, मांजर असेल. बाजेखाली वाकून पाहिलं, तर कांद्याचं टोपलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने सासऱ्यांच्या उशीपलीकडे, भिंतीला लागून, सरकी काढलेल्या कापसाचा चिमूटभर पुंजका ठेवला. माणूस गेला की नाही हे पाहायला नाकाशी धरतात, तसा. खिडकी लावून घेतली. स्वतःचा श्वास रोखला. सहाव्या आकड्याला कापूस थरथरला... आणि पडून राहिला.

चार दिवस तिने हेच केलं. चारही दिवस कापूस हलला. नवऱ्याला, शुभमला, सांगितलं तर तो म्हणाला, "तुले करमून नाही राह्यलं वाटते. जाऊन ये बडनेऱ्याले, चार दिवस माहेरी."

पाचव्या दिवशी केशवराव अमरावतीच्या फूलबाजारात झेंडूच्या गाठोड्यावर बसल्या बसल्या झोपले आणि उठेनात. लोकांनी दवाखान्यात नेलं. तिथे रात्रभर त्यांच्या अंगाला तारा लावून त्यांची झोप तपासली. सकाळी डॉक्टरबाईंनी कागदाची लांबलचक घडी उलगडली.

"तासाला अडतीस वेळा श्वास थांबतो यांचा. झोपेत घसा मिटून जातो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि दर वेळी हृदय घाबरून धावत सुटतं. बीपीच्या गोळ्या लागू पडत नाहीत त्या उगीच नाही. आत्ताच हृदय थोडं फुगलंय, पायांवर सूज आहे ती त्यामुळेच. असंच चाललं तर एखाद्या झोपेतून उठायचे नाहीत." मग त्यांनी विचारलं, "थांबल्यावर लगेच हलवता ना?"

वर्षालीने सासूकडे पाहिलं. इंदूबाई लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होत्या.

नाकावर बसणारा मास्क, त्याला नळी, आणि नळीतून घशात हवेचा दाब देणारं डब्याएवढं मशीन घरी आलं. शुभमने इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जोडून दिलं. पहिल्या दुपारी केशवराव चार तास झोपले, एकदाही न थांबता. नुसती मशीनची हलकी फूस चालू. कापूस जागचा हलला नाही. वर्षालीला बरं वाटलं; आणि का कोण जाणे, खोली अडचणीची वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्क काढून ठेवला. "नाही लावत."

"मामाजी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते..."

"ऐकलं म्या." ते भिंतीकडे पाहत होते. "तू कापूस ठेवते न तिकडं? मले मालूम हाय. मंग तुले काहून सांगा लागते?"

सांगितलं शेवटी इंदूबाईंनीच, उंबऱ्यात बसून, अगदी हळू. जमुना, केशवरावांची पहिली बायको, याच बाजेवर भिंतीच्या बाजूने झोपायची. एका दुपारी तिचा श्वास कोंडला. तिने नवऱ्याला हलवलं असेल, हाकही मारली असेल. केशवराव शेजारीच घोरत होते. त्यांना जाग आली तेव्हा ती थंड पडली होती.

"मी लग्न होऊन आली आन् पह्यल्याच महिन्यात ऐकलं," इंदूबाई म्हणाल्या. "हे थांबले की ती श्वास घेते. लगेच हलवलं तर घरभर वस्तू पडायच्या, दूध नासायचं. दहा मोजू देले की गप. म्या म्हटलं, घे बाई. दहा आकडेच तर हायत."

"आत्याबाई," वर्षाली म्हणाली, "ते दहा आकडे मामाजींच्या काळजातून जाऊन राह्यले."

इंदूबाईंनी उंबऱ्यावरून मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"मंग ती कुठी जाईन?" इंदूबाईंनी विचारलं.

वर्षालीने मास्क उचलला आणि सासऱ्यांपुढे धरला. "मी मोजणार नाही आता. एकसुद्धा."

केशवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "माफ करजो व," ते म्हणाले. सुनेला नव्हे. आणि मान पुढे केली.

घरात काही पडलं नाही. दूध नासलं नाही. दोन महिन्यांत पायांची सूज उतरली, बीपी उतरलं, केशवराव दुपारी चहाला जागे राहून शेजाऱ्यांशी भांडू लागले. इंदूबाईंना दुपारी करमेना, एवढंच.

तपासणीला तिघं अमरावतीला गेले. मशीनमधलं कार्ड डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरला लावलं. "वा! चार तास, रोज. एकदाही श्वास अडकला नाही. हृदयही आवरतंय, काका." मग त्यांनी चष्मा वर केला. "पण तुमचं झाल्यावर मास्क कोण लावतं?"

"कोणीच नाही," वर्षाली म्हणाली. "चारला मी स्वतः बंद करते. धुऊन ठेवते."

"रोज चारनंतर तासभर चालू दिसतंय. दाब ज्याचा त्याचा असतो, दुसऱ्याला लावू नये." पडद्यावरच्या रेषेवर त्यांचं बोट सरकत गेलं आणि थांबलं. "आणि यांना घेऊनच या एकदा. हे बघा... श्वास आत जातोय. परत आत. परत आत. बाहेर कुठेच येत नाहीये."

पंखा फिरत होता. इंदूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. घरातल्या आजारी माणसाबद्दल विचारावं, तशा काळजीने त्यांनी विचारलं, "तिच्या हृदयाले काही धोका तर नाही न, बाई?"

डॉक्टरबाईंनी नवा कागद ओढला. "पाहावं लागेल. वय?"

वर्षालीने सासऱ्यांचा हात धरला. तो गरम होता, नाडी सावकाश, अगदी व्यवस्थित चालत होती.

"चोवीस," केशवराव म्हणाले.