डावीकडचा क्लच

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मी होळी नावाच्या गावात राहतो. शाळेत ग्रंथपाल होतो. ठामपणे बोलायची मला सवय नाही. पण त्या रविवारी संध्याकाळी, चांदीपच्या पुढे बंद खाणीच्या उतारावर, त्या गाडीत मी बसलो होतो.

एवढं तरी नक्की.

गाडी ॲन्सेल्म सरांची. ते मोटार रॅलीच्या शर्यतीत उतरणाऱ्या पोरांना गाडी चालवायला शिकवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असतो तसा त्यांनी डाव्या सीटपुढे दुसरा क्लच बसवून घेतला होता. डावीकडून दाबला की केबलने चालकाचा क्लचही खाली जायचा. चालकाने दाबला तर डावीकडचा मात्र हलायचा नाही.

सर दुष्ट होते. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण होते.

भर उतारावर ते गुपचूप आपला क्लच दाबायचे. इंजिनाची पकड सुटायची. गाडी मोकाट धावायची. शिकणारा रडकुंडीला यायचा.

"आता बोल," सर हसून म्हणायचे.

माझा भाचा ॲल्रॉय त्यांचा विद्यार्थी. सर वारले आणि त्यांच्या बायकोने गाडी त्यालाच देऊन टाकली. पुढच्या आठवड्यात एका रॅली संघाची निवड होती. मागच्या निवडीत त्याने क्लच जाळला होता. या वेळी जमलं नाही तर पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

"मामा, नुसते बाजूला बसा. सीटवर वजन पाहिजे."

"माझं कसलं वजन?"

"मांडीवर दोन डिक्शनऱ्या घ्या."

उतारावर तो मला समजावत होता. "गिअर खाली टाकला ना, की क्लच सोडायच्या आधी जरा रेस द्यायची. इंजिन चाकांच्या स्पीडला आलं पाहिजे. नाहीतर सगळा मार क्लचप्लेटवर. सर मला विचारायचे, प्लेटा काय जेवणात खातोस?"

तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. अलगद जमलं. तो खूश झाला.

तेवढ्यात...

च्च्.

"काय झालं, मामा?"

"मी कुठे काय बोललो?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मीही विचारात पडलो. बोललो होतो का?

पुढचं वळण आलं. त्याने गिअर टाकला, आणि इंजिन एकदम मोकळं गरजलं.

"मामा, पाय काढा!"

माझे दोन्ही पाय मी मागे ओढून घेतले होते. खाली पाहिलं.

माझ्यासमोरचा क्लच... तळाला टेकला होता.

ॲल्रॉयने ब्रेक दाबून गाडी कशीबशी थांबवली. मग तो क्लच वर आला. सावकाश. सोडणाऱ्याला मजा वाटत असावी, इतका सावकाश.

ॲल्रॉयचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तो हसला. मागून कटर आणलं, वाकला आणि केबल कापून टाकली.

"आता तुम्ही त्याच्यावर नाचलात तरी चालेल."

कापलेलं टोक मी चाचपलं. तारा बोटात टोचल्या.

"घरी जाऊ या," मी म्हणालो.

माझं बोलणं लोकांना ऐकू जातंच असं नाही.

"अजून एकदाच, मामा. हेच वळण जमायला पाहिजे."

पुन्हा तोच उतार. तेच वळण. तिसरा. दुसरा.

जळक्या प्लेटचा वास आला...

आणि ॲल्रॉयच्या पायाखालचा क्लच आपोआप खाली गेला.

इंजिन किंचाळलं. खडीवर ब्रेक लागले. चाकं थांबली, गाडी थांबली नाही.

पुढचा दगड तेवढा आठवतो.

मला साधं खरचटलं. ॲल्रॉयचा डावा पाय क्लचखाली चेंगरला. गुडघ्याखालून कापावा लागला.

हॉस्पिटलच्या बाहेर माझी बहीण कॅथरिन भिंतीला टेकून उभी होती.

"दादा, तो म्हणतो, मामांचा पाय होता क्लचवर."

"अगं, केबल कापली होती. त्यानेच कापली."

"तो म्हणतो, कापायला वाकलो होतो, पण मामांनी कापू दिली नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आणि म्हणतो, तू हसत होतास."

मी फुलपाड्याला व्हिव्हियनच्या गॅरेजमध्ये गेलो. चेपलेली गाडी तिथेच नेली होती.

"अंकल, कुठली कापलेली केबल?" व्हिव्हियन म्हणाला. "ही बघा. अख्खी आहे."

मी हात लावून पाहिलं. एकही तार सुटलेली नव्हती.

माझ्या बोटावर मात्र टोचल्याच्या खुणा होत्या. की त्या आधीच्याच होत्या? आता मला सांगता येत नाही.

कॅथरिन घरी येत नाही. चर्चमध्ये मिस्सेला दिसली तरी दुसऱ्या बाकावर जाऊन बसते.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे.

परवा दुपारी मी खुर्चीत वाचत बसलो होतो. बाहेरच्या वळणावर शाळेची व्हॅन आली. चालकाने गिअर खाली टाकल्याचा आवाज आला.

माझा डावा पाय उचलला गेला... आणि फरशीवर सावकाश दाबला गेला.

बाहेर इंजिन मोकळं गरजलं. मुलं ओरडली.

मजेत ओरडली असतील. मुलं ओरडतातच.

उठून खिडकीशी जायचं धैर्य झालं नाही. तोंडावर हात ठेवून बसून राहिलो.

हाताखाली ओठ ताणलेले लागले.

मी हसत होतो.