तिच्या तळव्याखाली

पटो न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या आत्येबहिणीच्या घरात घडलेली. तिच्या नवऱ्याचा खांदा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

ताई आणि भाऊजी शहरातल्या ब्रॉन्झच्या पुतळ्यांची देखभाल करायचे. गॅसच्या ज्योतीने धातू गरम करायचा, त्यावर मेण लावायचं, मग फडक्याने चकाकी आणायची. मेण गेलं की धातू हिरवा पडतो.

नदीकाठच्या चौकात एका बाईचा पुतळा होता. एकटीच, एक हात पुढे केलेला. त्या तळव्याखाली जोडीने उभं राहिलं की प्रेम टिकतं, असं लोक मानायचे. एकटं कुणी उभं राहत नसे.

भाऊजींना मात्र राहावं लागे. तळव्याला खालून मेण लावायचं, तर खांदा तिच्या हाताखाली यायचाच. आणि हे काम करताना ते गुणगुणायचे.

तिथेच ताईच्या पोटात दुखायचं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून तिने घरात गाणं ऐकलं नव्हतं. तिथे मात्र स्वारी अगदी रंगात यायची.

त्या संध्याकाळी दाट धुकं होतं. काम आटोपून धातू पार गार झाल्यावर भाऊजी म्हणाले, "ये, आज आपण दोघं उभे राहू."

"तुम्हीच राहा. तुमचं छान जमतंय तिच्याशी," ताई फणकारली.

भाऊजी हसून सामान ठेवायला गाडीकडे गेले. ताईने तारेचा ब्रश उचलला आणि तो तळवा खसाखसा घासला. नुकतं लावलेलं सगळं मेण काढून टाकलं. पड आता हिरवी, असं ती मनात म्हणाली.

मग तिने तळव्याला हात लावून पाहिला...

माणसाच्या हाताइतका ऊबदार होता.

घरी आल्यावर भाऊजी अंघोळीला गेले. थोड्या वेळाने आतून गुणगुणणं ऐकू आलं. घरात, पहिल्यांदाच. ताईचा राग कुठल्या कुठे पळाला. ती दाराशी जाऊन ऐकत राहिली.

गाणं मधेच थांबलं...

पुढची ओळ एका बाईने म्हटली.

ताईने दार ढकललं. आत भाऊजी एकटेच होते. त्यांच्या खांद्यावर हिरवा डाग उमटला होता. चार बोटं आणि अंगठा.

साबण झाला, डॉक्टर झाले. डाग गेला नाही. शेवटी ताईने तळव्याला पुन्हा मेण लावलं, पुतळ्यापुढे हात जोडले, भाऊजींना ओढत नेऊन हाताखाली उभं केलं. त्यांचा हात घट्ट धरून स्वतःही उभी राहिली.

तळवा आता थंडगार होता.

भाऊजी वर बघून हसत होते. ताईकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई घाबरलेली असेल असं वाटलं होतं. ती नुसती धुमसत होती.

"भीती कसली रे? माझ्या हक्काचा खांदा आहे तो," ती म्हणाली. "पण डोकं टेकायला गेले, की मधे तिचा हात लागतो. ऊबदार."

आतल्या खोलीत भाऊजी गुणगुणत होते.

मग गाणं थांबलं...

पुढची ओळ ऐकायला मी थांबलो नाही.