दोन कार्बोरेटर आणि एक कान

व्हॅन गॅरेजच्या दारात आली तीच फटफटत, आचके देत. पिवळी, फुगीर, मेकॅनिक मुलीच्या जन्माआधीची. आत पलंग, स्टोव्ह, पडदे... सगळा संसार. मागे इंजिन, तेही हवेवरच थंड होणारं. त्यातून उतरला तो चष्मेवाला. गावोगाव फिरून लोकांचे डोळे तपासणारा हा माणूस, पण त्या मुलीकडे बघताना स्वतःचे डोळे मिटायलाच विसरला!

"मालक कुठायत?"

"मामा चहाला गेलेत. कार्बोरेटरचं काम मीच बघते."

"दोन्ही कार्बोरेटर? एकट्याच?"

"का? तुम्ही एकच डोळा तपासता, नि दुसऱ्याला दुसरा माणूस येतो का?"

तो हसला. तिच्या हातातला पाना उगाचच खाली पडला. तो सोमवार होता. 'संध्याकाळपर्यंत देते,' असं ती ठासून म्हणाली होती, आणि आता शनिवार उजाडला होता.

तसं काम अवघड नव्हतं. इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक कार्बोरेटर, दोघांनी सारखी हवा ओढायची, एवढंच. त्यासाठी ती रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरी, दुसरं कानाला लावी आणि दोन्हीकडचा हवेचा सूं-सूं आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवी. कानाला सारखा वाटायचा, पण इंजिन थरथरायचं ते थरथरायचंच. तिनं पेट्रोलचे बारीक जेट धुतले, सांध्यातली गॅस्केट बदलली, हवा कुठून गळते का तेही बघितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

खरा घोळ मात्र वेगळाच होता. व्हॅन बिघडलेलीच राहिली की तिला वाईट वाटे... आणि वाईट वाटता वाटता बरंही वाटे. उद्या तो परत येणार! मग तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. आपण मुद्दाम तर चुकत नाही ना?

"भाचीबाई," मामा म्हणाले, "दुरुस्ती गाडीची चाललीय की गाडीवाल्याची? आज जमलं नाही, तर मी ही ढकलत दुसऱ्या गॅरेजला नेतो."

"सोमवारी मला पुढच्या गावी पोचायचंय," चष्मेवाला ओशाळून म्हणाला. "चाळीस म्हाताऱ्या चष्म्यावाचून सुई ओवायच्या थांबल्यात."

ती इंजिनावर वाकली. नळी डावीकडे, मग उजवीकडे. तो जवळच उकिडवा बसून बघत होता... इंजिनाकडे कमी, तिच्याकडे जास्त.

"एक विचारू? डाव्या कार्बोरेटरला तुम्ही डावा कान लावता, उजव्याला उजवा."

"मग? जागा अरुंद आहे. तसंच सोपं पडतं."

"मी एक डोळा तपासताना दुसरा झाकतो..."

त्यानं हात पुढे केला, क्षणभर थबकला. तिनं मान हलवली. मग त्याचा तळवा हलकेच तिच्या डाव्या कानावर आला. आणि इंजिन जणू गोधडीत शिरलं! उजव्या कानानं तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आपल्या छातीतली धडधड तेवढी येत होती.

"उजव्याला दडे बसलेत ना? सर्दी कधी झाली?" हात काढून त्यानं विचारलं.

"रविवारी... अगंबाई! म्हणजे उजवीकडचं मला कमी ऐकू येतंय, म्हणून मी तिकडची हवा रोज वाढवतेय?"

मुद्दाम नव्हतंच काही! तिचा जीव भांड्यात पडला, पण तिथंही तो स्वस्थ बसेना. नळी दोन्ही वेळा डाव्या कानाला लावून तिनं उजवा स्क्रू मागे फिरवला. थरथर ओसरली. इंजिन एका लयीत चालू लागलं. मामांनी आतून टाळी वाजवली, आणि तिला रडूच कोसळेल असं वाटलं.

तो स्टिअरिंगशी जाऊन बसला. ती खिडकीशी आली.

"जुळलं ना सगळं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग चेहरा का असा?"

"कारण आता गाडीत काहीच दोष उरला नाही! पाच दिवस कारण होतं. आता कशासाठी थांबा म्हणू तुम्हाला?"

"कशासाठीच नको," तो हळूच म्हणाला. "नुसतं म्हणा."

तिनं मागे पाहिलं. मामा टायरच्या ढिगात काहीतरी शोधत असल्याचं सोंग करत होते.

"थांब," ती म्हणाली.

त्यानं किल्ली फिरवली, आणि आठवडाभराच्या खटपटीनं सुरळीत झालेलं ते इंजिन बंद केलं.