पंचावन्न मिनिटांतला चहा

"सहानंतर पेशंटजवळ एकालाच बसू देतात, अक्का. आणि बसणार भावोजी, ताईचा नवरा!" ताईची धाकटी बहीण अक्कांच्या दारातूनच सांगत होती. "मग माझी ताई काही सकाळ बघत नाही."

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. खासगी तपास करणाऱ्या अक्का लगेच इस्पितळाकडे निघाल्या. मागोमाग वही सांभाळत त्यांचे मावसभाऊ, निवृत्त मास्तर.

परवा सकाळी दहा वीसला ताई घरच्या जिन्यावरून कोसळली. आदल्याच दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं होतं, मी घर सोडून चालले. शेजारणीला एक उंच माणूस पळताना पाठमोरा दिसला. पण पोलिसांनी नवऱ्याचं विमानाचं तिकीट पाहिलं आणि विषय मिटला.

नवरा खाटेला खेटून बसला होता. ताईचे डोळे मिटलेले, मूठ मात्र चादरीत घट्ट आवळलेली.

"दहाचं विमान, पंचावन्न मिनिटांचा प्रवास," तो म्हणाला. "दोनदा चहा घेतला, पेपर वाचला, मस्त डुलकी काढली. उतरलो तर हा फोन! मला काय विचारता? माझ्या भावाला विचारा. तो घरीच होता."

दीर व्हरांड्यात नाक पुसत उभा होता. तीच उंची, तसाच चेहरा.

"परवा कुठे होतास?"

"अं? जरा मोठ्याने बोला. परवापासून कानाला दडे बसलेत. सर्दी होती... घरीच झोपलो होतो." बोलताना त्याची नुसती बोबडी वळली होती.

अक्कांनी विमानतळावर फोन लावला. "दोन्ही विमानतळांमधलं अंतर किती हो?"

"दीडशे किलोमीटर."

"हात्तिच्या! एवढ्यासाठी फोन?" मास्तर पुटपुटले.

"दिराला आत आणा. आणि इस्पितळाच्या पहारेकऱ्यालाही. पळा!"

सहाला पाच कमी होते. बहीण दारातच थिजली होती.

"पंचावन्न मिनिटं वेळापत्रकातली," अक्का नवऱ्याला म्हणाल्या. "दार लागल्यापासून उघडेपर्यंतची. दीडशे किलोमीटरला विमान हवेत असतं पंचवीसच मिनिटं. वर गेलं की लागलीच उतरायचं. पट्टेसुद्धा सोडू देत नाहीत, तिथे दोन-दोन चहा कुठून आले? तुम्ही प्रवास केलात तो कागदावर."

"मग माझ्या जागेवर काय भूत बसलं होतं?"

"सर्दीत विमानात बसलं की कानाला दडे बसतात." अक्का दिराकडे वळल्या आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "तू घरीच होतास, असं तुझा दादाच सांगतोय. पळणारा माणूस म्हणून तुला अडकवतोय तो."

दीर पांढराफटक पडला. "दादा! तूच म्हणालास ना, 'ऑफिसला दाखवायला फक्त माझ्या तिकिटावर, माझं ओळखपत्र घेऊन जाऊन ये'? वहिनीचं कळल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये!"

नवऱ्याचा हात सावकाश ताईच्या उशीकडे सरकला. पहारेकऱ्याने झडप घालून तो मुरगळला आणि त्याला बाहेर ओढत नेलं.

बहीण धडपडत रिकाम्या खुर्चीत बसली. "ताई, गेला गं तो."

ताईची मूठ सैल झाली. डोळे उघडले.

"सकाळीच शुद्ध आली होती गं," ती कुजबुजली. "तो इथून हलेचना. म्हणून मेल्यासारखी पडून राहिले."